सहावा पडदा

बेस गिटारच्या दांडीवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात त्यांना आमच्या बँडमध्ये सगळे ‘फ्रेट’ म्हणतात. मी मात्र लहानपणी आत्याची सतार पाहिलेली असल्यामुळे मनातल्या मनात त्यांना ‘पडदे’च म्हणते. गेल्या गणेशोत्सवात, कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या मंडपात, आयुष्यातल्या पहिल्या जाहीर कार्यक्रमातल्या तिसऱ्या गाण्यात माझे बोट पाचव्या पडद्याऐवजी सहाव्या पडद्यावर पडले आणि तिथेच राहिले. गाणे ए मायनरमध्ये होते, म्हणजे ए हा त्याचा मूळ स्वर. सर्वांत जाड तारेवर पाचव्या पडद्याशी ए हा स्वर मिळतो आणि सहाव्याशी बी फ्लॅट, म्हणजे बाकीचे चौघे ज्या घरात राहत होते त्याच्या शेजारच्या घराचे भाडे मी भरत होते. हे आठ बार, म्हणजे तालाची आठ आवर्तने, चालले. गाणाऱ्या वहिनींनी गाता गाता मान वळवून माझ्याकडे पाहिले, कीबोर्डवर बसलेल्या काकांनी डाव्या हाताने खालचे स्वर जोरात वाजवायला सुरुवात केली, आणि काहीतरी भयंकर चालले आहे हे कळत असूनही ते नेमके काय आहे हे मला कळत नव्हते, कारण त्या क्षणी मला काहीच ऐकू येत नव्हते. छातीतले ठोके तेवढे ऐकू येत होते.

मी 44 वर्षांची आहे, एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात नोकरी करते आणि बेस गिटार हातात घेऊन मला त्या वेळी जेमतेम पावणेदोन वर्षे झाली होती. आमचा बँड म्हणजे सोसायटीतली आणि आसपासची पाच माणसे: ड्रमवर एक दंतवैद्य, ज्यांना आम्ही नुसते डॉक्टर म्हणतो, त्यांच्या पत्नी, म्हणून सर्वांच्या वहिनी, गायला, बँकेतून निवृत्त झालेले काका कीबोर्डवर, आणि लीड गिटारवर समोरच्या इमारतीतला चोवीस वर्षांचा मुलगा, ज्याला मी तो दहा वर्षांचा असल्यापासून ओळखते आणि जो भर कार्यक्रमातही मला ‘काकू’ अशी हाक मारतो. दर रविवारी आम्ही तासाला 400 रुपये भाड्याच्या जॅम रूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, दोन तास वाजवतो. तिथे माझा हात कधी थरथरला नाही. त्यामुळे मंडपात जे झाले त्याने मला नुसते वाईट वाटले नाही, तर फसवले गेल्यासारखे वाटले. माझ्याच शरीराने माझ्याशी केलेला करार मोडला होता.

त्या संध्याकाळची सुरुवातच प्रतीक्षेने झाली. आमची वेळ आठची होती, पण मुलांची वेशभूषा स्पर्धा लांबली, मग पाककृती स्पर्धेची बक्षिसे वाटली गेली, मग ज्येष्ठांचा सत्कार झाला, आणि आम्ही वाद्ये मिळवून, म्हणजे सुरात लावून, मंडपाच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, हा ध्वनिप्रदूषणाचा 2000 सालचा नियम सर्वांना ठाऊक होता, त्यामुळे प्रत्येक सत्कारागणिक आमची यादी एकेका गाण्याने कमी होत होती आणि कोणते गाणे गाळायचे यावर कुजबुजत वाद चालू होता. या सव्वा तासात मी तीन कप चहा प्यायले. नवख्या वादकाने कार्यक्रमापूर्वी काय करू नये याची कोणी यादी केली, तर हे तीन कप मी स्वखुशीने पहिल्या क्रमांकावर देईन. माझी बोटे बर्फासारखी गार पडली होती, तोंडाला कोरड पडली होती, तळव्यांना घाम सुटला होता आणि डाव्या पायाची पोटरी आपल्या मनाने थरथरत होती.

नंतरच्या आठवड्यात, लाज थोडी ओसरल्यावर, मला शाळेत कधीतरी पाठ केलेली सात्त्विक भावांची यादी आठवली. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातली भावना अंगावर उमटण्याचे प्रकार, सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. अंग ताठरणे, घाम, काटा, आवाज फुटणे, कंप, चेहरा उतरणे, डोळ्यांत पाणी आणि शुद्ध हरपणे. मी मोजून पाहिले, तर आठापैकी पाच मला त्या रात्री प्राप्त झाले होते आणि प्रलयही फार दूर नव्हता. नटाने मन एकाग्र करून जे अंगी आणायचे, ते माझ्याकडे न बोलावता आणि अगदी चुकीच्या वेळी आले होते. हा विनोद मी बँडमधल्या मंडळींना सांगितला तेव्हा डॉक्टर हसले आणि म्हणाले, की यादी बरोबर आहे, फक्त कारखाना मूत्रपिंडांच्या वर आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनलीन सोडतात, हृदय जोरात चालू लागते, त्वचेकडचे आणि बोटांच्या टोकांकडचे रक्त आखडते आणि मोठ्या स्नायूंकडे वळते, लाळ आटते. वाघासमोरून पळायचे असेल, तर ही उत्तम व्यवस्था आहे. दोन बोटांनी आळीपाळीने तार छेडायची असेल, तर तीच व्यवस्था मुळावर येते, कारण धावायला लागणाऱ्या मांड्या गरम असतात आणि वाजवायला लागणारी बोटे गार.

हे समजल्याने भीती गेली नाही, परंतु तिच्याकडे पाहण्याची माझी बाजू बदलली. आपल्याकडे ‘सभाधीट’ हा शब्द फार लवकर कानावर पडतो. वक्तृत्व स्पर्धा, स्नेहसंमेलन, गणपतीतले नाटक, या सगळ्यांत अमका मुलगा सभाधीट आहे आणि तमकी नाही, असे गोऱ्या-काळ्या रंगासारखे ठरवून टाकले जाते. पाचवीत असताना मी टिळकांवरचे भाषण ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि’ इथपर्यंत म्हणून थांबले होते, आणि त्या ‘आणि’ने मला पुढची तीसहून अधिक वर्षे सभाधीट नसलेल्यांच्या रांगेत बसवले. ‘घाबरू नकोस’ हा त्या दिवशी मिळालेला सल्ला होता. ज्याने तो दिला तो माणूस प्रेमळ होता, पण पावसात उभ्या असलेल्याला ‘भिजू नकोस’ म्हणण्यापलीकडे त्यात काही नव्हते. धीटपणा हा स्वभाव असेल, तर त्यावर उपाय नाही; पण गार बोटे, कोरडा घसा आणि धावता ताल या जर घटना असतील, तर त्यांच्यातल्या प्रत्येकीशी वेगळा व्यवहार करता येतो. लेखापालाच्या कार्यालयात एवढे तरी शिकायला मिळते, की एकूण रकमेकडे पाहून घाबरण्यापेक्षा नोंदी सुट्या करून पाहाव्यात.

पहिली नोंद तालाची निघाली. शेजारच्या एका मुलीने मोबाइलवर केलेले चित्रण मी इयरफोन लावून ऐकले. (इयरफोनशिवाय ऐकण्यात अर्थ नव्हता, कारण मोबाइलचा इवलासा स्पीकर बेसचे खालचे स्वर वाजवूच शकत नाही. माझी सर्वांत जाड तार मोकळी वाजवली, तर ती सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, आणि ते कंप मोबाइलमधून बाहेर येत नाहीत. नाशिकच्या माझ्या बहिणीने तेच चित्रण पाहून ‘छान झालं की गं’ असा निरोप पाठवला होता, त्याचे रहस्य इतकेच.) मेट्रोनोमच्या, म्हणजे तालाचा वेग दाखवणाऱ्या, अॅपवर बोटाने ठोके देऊन मोजले, तेव्हा जॅम रूममध्ये मिनिटाला 96 ठोक्यांनी वाजणारे ते गाणे मंडपात 110 वर गेलेले दिसले. चार मिनिटांचे गाणे आम्ही साडेतीन मिनिटांतच उरकले होते. वहिनींना अंतऱ्यातले शब्द तोंडात मावत नव्हते, काकांचा पीस, म्हणजे गाण्यामधला नुसत्या वाद्यांचा तुकडा, घाईत गुंडाळला गेला होता, आणि या सगळ्याचा उगम गाणे सुरू करण्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या चार ठोक्यांच्या काउंटमध्ये होता. गेली वीस वर्षे लोकांना निर्विकार चेहऱ्याने ‘जरा तोंड उघडा’ म्हणणारा हा माणूसही घाबरला होता! मला त्या दिवशी झालेला सर्वांत मोठा आनंद म्हणजे हा शोध, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

इथे बँडची भीती आणि एकट्याची भीती यांत फरक पडतो, आणि मला जे सांगायचे आहे ते प्रामुख्याने हेच आहे. भाषण विसरलेली मुलगी फक्त स्वतःचे नुकसान करते. पाच जणांत वाजवणाऱ्याच्या मनात मात्र प्रेक्षकांपेक्षा उरलेल्या चौघांचे भय मोठे असते. मंडपातल्या दीडशे माणसांपैकी निम्मी बटाटेवड्याच्या रांगेत होती आणि उरलेल्यांतली बरीचशी आपले मूल मांडीवर झोपले आहे की नाही हे पाहत होती. त्यांच्यासमोर चुकण्याची लाज मला दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये फारशी वाटली नाही. पण वहिनींनी वळवलेली ती मान मला आठवडाभर दिसत राहिली. भर म्हणजे ही भीती संसर्गजन्य असते. ड्रमर घाबरला की ताल धावतो, ताल धावला की बेस चुकतो, बेस चुकला की गाणाऱ्याचा पाया सुटतो आणि तिचा आवाज वर चढतो, आणि प्रत्येकाला वाटत राहते की घाबरलेले आपण एकटेच आहोत, बाकीचे चौघे शांत आहेत. आम्ही पाचही जण त्या रात्री एकमेकांपासून आपापली भीती लपवत होतो. त्या रविवारी पहिल्यांदाच आम्ही वाद्ये बाजूला ठेवून तासभर नुसते बोललो, जॅम रूमचे 400 रुपये भरून, आणि आमच्या बँडवर झालेला तो सर्वांत सार्थकी लागलेला खर्च आहे असे माझे मत आहे. काकांनी कबूल केले की ते कार्यक्रमापूर्वी तीनदा प्रसाधनगृहात जाऊन आले होते. ‘काकू’वाल्या मुलाने सांगितले की त्याचा सोलो त्याला वाजवताना आठवतच नव्हता, बोटांनी आपल्या आपण वाजवला.

मग आम्ही तालमीची पद्धत बदलली. हौशी बँडची तालीम बहुतेक ठिकाणी अशीच होत असावी: कोणी चुकले की सगळे थांबतात, हसतात, ‘पुन्हा वरून’ म्हणतात. याचा अर्थ, आम्ही वर्षभर दर रविवारी चुकल्यावर थांबण्याचा कसून सराव केला होता. रंगमंचावर थांबता येत नाही, आणि चुकल्यावर पुढे कसे जायचे याची तालीम तर झालेलीच नसते. त्यामुळे आता दोन तासांपैकी शेवटची चाळीस मिनिटे ‘न थांबण्याची’ असतात. काहीही झाले, कोणाची तार तुटली, कोणी शब्द विसरले, तरी गाणे शेवटापर्यंत न्यायचे. पुढे त्यात खोडसाळपणाही आला. डॉक्टर मध्येच मुद्दाम एक ठोका गाळतात, काका चुकीच्या कॉर्डवर जातात, आणि बाकीच्यांनी सावरायचे असते. या खेळाचा जनक मी असल्याने माझ्यावरचे हल्ले जरा जास्तच होतात.

सावरायचे म्हणजे कुठे यायचे, हे ठरलेले असावे लागते. शास्त्रीय मैफल ऐकणाऱ्या कोणालाही ही गोष्ट नवी नाही. तबलजी आणि गायक कितीही दूर भटकले, तरी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, भेटतात आणि त्या भेटीवर श्रोत्यांची मान हलते. आमच्या फिल्मी गाण्यांतही समा असतात, फक्त आम्ही त्या कधी शोधल्या नव्हत्या. मी प्रत्येक गाण्याच्या कागदावर लाल पेनाने परतीच्या जागा लिहिल्या: मुखड्याचा पहिला शब्द, अंतऱ्यापूर्वी डॉक्टर ड्रमवर जो छोटा भरीचा तुकडा, म्हणजे फिल, घेतात त्यानंतरचा पहिला ठोका, पीस संपल्यावरची मोकळी तार. वाट चुकली, तर उजव्या हाताने तारा दाबून गप्प बसायचे आणि पुढच्या जागेवर मूळ स्वर घेऊन आत यायचे, एवढाच नियम. बेसवाल्याला गप्प बसणे फार जड जाते, कारण आपण थांबलो तर इमारत कोसळेल असा त्याचा समज असतो. खरे पाहता दोन बार बेस नसेल, तर ऐकणाऱ्याला कुठेतरी थोडी पोकळी जाणवते, पण दोन बार चुकीचा बेस वाजला, तर संगीतातले काहीही न कळणाऱ्यालाही वड्यात खडा लागल्यासारखे होते. मंडपात मी आठ बार गप्प बसले असते, तर आज हे लिहिण्यासारखे काही झालेच नसते.

तालाचा उपाय डॉक्टरांनी स्वतः काढला. ते आता मोबाइलवरचा मेट्रोनोम आवाज बंद करून, फक्त दिवा लुकलुकेल असा, ड्रमच्या शेजारी ठेवतात, आणि काउंट देण्यापूर्वी मुखड्याची पहिली ओळ मनात पूर्ण गुणगुणतात. घाबरलेल्या माणसाला चार ठोके कसे द्यायचे हे आठवत नाही, पण ओळ कशी चालते हे आठवते. त्या चार-पाच सेकंदांची शांतता आम्हाला सुरुवातीला भयंकर लांब वाटे. आता मी तिची वाट पाहते, कारण तेवढ्यात एक पूर्ण श्वास सोडून होतो.

श्वासाविषयी मी थोडी साशंक होते. घरोघरी अनुलोम-विलोमचा इतका उपदेश होतो, की काहीतरी उपयोगाचे असेल यावर विश्वास बसेनासा होतो. पण उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती खरोखर थोडी उतरते, हे बोटाने मनगटावर नाडी धरून कोणालाही पाहता येते; श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना किंचित सावकाश. मी चार मोजत श्वास घेते आणि सहा मोजत सोडते, याहून अधिक काही नाही. याच्या जोडीला एक उलटा प्रयोगही केला. आमच्या इमारतीचे चार मजले पायऱ्यांनी धावत चढायचे, आणि धाप लागलेली असतानाच गळ्यात बेस अडकवून सर्वांत अवघड ओळ वाजवायची. छाती धडधडत असताना बोटे कशी वागतात हे एकदा घरात पाहून ठेवले, की मंडपात ती अनोळखी वाटत नाहीत. पहिल्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून आग लागली का म्हणून विचारले.

औषधाचाही विषय निघाला, कारण डॉक्टर घरचेच. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर औषधे अॅड्रेनलीनचा हृदयावरचा परिणाम रोखतात आणि हाताचा कंप कमी करतात. ती मुळात हृदयविकारासाठी तयार झाली आणि त्या कामासाठी जेम्स ब्लॅक या संशोधकाला 1988 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण वादकांनी त्यांचा दुसरा उपयोग फार लवकर हेरला. अमेरिकेतल्या व्यावसायिक वाद्यवृंदांतल्या दोन हजारांहून अधिक वादकांची 1987 साली पाहणी झाली, तेव्हा 27 टक्के लोक ही औषधे घेत असल्याचे दिसले. ज्यांचे पोट वादनावर चालते, ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे तेच केले आहे, त्यांच्यातला चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग! हा आकडा वाचून मला औषध घ्यावेसे वाटण्याऐवजी एकदम सोबत मिळाल्यासारखे वाटले. माझ्यापुरता प्रश्न मिटलेलाच होता, कारण मला दमा आहे आणि दम्यात ही औषधे धोक्याची असतात. डॉक्टरांनी इतरांनाही ठामपणे नाही म्हटले. सोसायटीच्या गणपतीसाठी गोळ्या घ्यायच्या नसतात, असे त्यांचे म्हणणे पडले.

सोबतीवरून पाब्लो कॅसल्स आठवतात. विसाव्या शतकातले हे थोर चेलोवादक आयुष्यभर प्रत्येक कार्यक्रमापूर्वी भीतीने पछाडलेले असत. 1901 साली कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगरावर एक दगड घरंगळत येऊन त्यांच्या डाव्या हाताची बोटे चिरडली गेली, तेव्हा मनात आलेला पहिला विचार हा होता, की देवाची कृपा, आता पुन्हा चेलो वाजवावा लागणार नाही. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. बोटे बरी झाली आणि नव्वदी ओलांडेपर्यंत ते वाजवत राहिले, भीतीसकट. मला ही हकीकत दिलासा देते की आणखी घाबरवते, हे अजून नक्की ठरवता आलेले नाही. भीती कधी तरी संपेल या आशेवर वाजवत असलेल्या माणसाने ती वाचू नये.

भीती घालवण्याऐवजी तिचे नाव बदलून पाहण्याचा एक प्रयोग मात्र मी करून पाहिला. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना अनोळखी माणसासमोर कॅराओके गायला लावले होते. गाण्यापूर्वी काहींना ‘मी अस्वस्थ आहे’ असे म्हणायला सांगितले, काहींना ‘मी उत्सुक आहे’ असे, आणि काहींना काहीच नाही. यंत्राने सुराच्या अचूकतेचे गुण दिले, तेव्हा उत्सुकांना सरासरी 80 च्या आसपास, गप्प राहिलेल्यांना 69 आणि अस्वस्थांना 53 मिळाले. कारण असे सांगितले जाते, की धडधडती छाती एकदम शांत करणे कठीण, पण धडधड तीच ठेवून तिचा अर्थ बदलणे सोपे. मला ‘मी उत्सुक आहे’ असे आरशासमोर म्हणणे काही जमले नाही. मराठीत ते वाक्य वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जातले वाटते. पण कोजागरीला गच्चीवर वाजवण्यापूर्वी मी ‘हात शिवशिवताहेत’ एवढे मात्र म्हटले, आणि ते खोटे वाटले नाही.

कोजागरीचा कार्यक्रम आम्ही मुद्दाम मागून घेतला होता, कारण पडल्यावर लगेच उठावे हे सायकल शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असते. तीस माणसे, मसाला दूध, रंगमंच नाही, चारच गाणी. सोपे गाणे पहिले आणि ए मायनरवाले तिसरे, हा क्रम आम्ही विचार करून ठेवला होता. पहिल्या गाण्यात शरीराचा उकळता भर ओसरू द्यायचा आणि अवघड काम नंतर. चहा नव्हता. मी थर्मासमध्ये गरम पाणी नेले होते आणि शेवटची दहा मिनिटे त्याच्या झाकणाचा पेला दोन्ही हातांत धरून बसले होते, त्यामुळे बोटे निदान माझी वाटत होती. दांडीच्या वरच्या कडेला पाचव्या आणि सातव्या पडद्याशी मी पांढऱ्या टिकल्या चिकटवल्या होत्या, कारण मंडपातल्या चुकीचे खरे मूळ भीतीइतकेच उजेडातही होते: जॅम रूमच्या लखलखीत ट्यूबलाइटखाली दिसणारे कडेवरचे बारीक ठिपके, मंडपात पाठीमागून येणाऱ्या रंगीत दिव्यांत दिसतच नव्हते. पुढे तर आम्ही शेवटच्या दोन तालमी जॅम रूमचा दिवा बंद करून केल्या. बॅगेत जादा केबल, बेसला लागणारी नऊ व्होल्टची जादा बॅटरी आणि गाण्यांच्या यादीची दुसरी प्रत असते. यातली एकही गोष्ट अजून वापरावी लागलेली नाही, पण ती बॅगेत आहे म्हणून मन त्या दिशेला भटकत नाही.

गच्चीवर दुसऱ्या अंतऱ्यात मी पुन्हा हरवले. या वेळी चुकीचा स्वर नव्हता. आपण नेमके कितव्या बारमध्ये आहोत हेच एकाएकी पुसले गेले. तारा दाबल्या, गप्प बसले, डॉक्टरांकडे पाहिले. त्यांनी माझे थांबलेले हात पाहिले होते. फिलच्या आधी त्यांनी भुवया उंचावल्या, फिल वाजवला, आणि त्यानंतरच्या पहिल्या ठोक्यावर आम्ही दोघे बरोबर भेटलो. तो ठोका जितका भरीव वाजला तितका माझा कुठलाच स्वर त्याआधी वाजला नव्हता. वहिनींनी मान वळवली नाही. कार्यक्रमानंतर मी त्यांना विचारले, तर मी मध्ये थांबले होते हे त्यांना कळलेच नव्हते. काकांना कळले होते, पण त्यांना वाटले ते मुद्दाम घेतलेले आहे, आणि पुढच्या वेळीही तसेच ठेवावे अशी त्यांची सूचना आली.

डिसेंबरमध्ये आम्ही एका छोट्या सभागृहात सहा गाणी वाजवली. हात गार होतेच, पोटरीही थरथरली, पण ती पोटरी पहिल्या गाण्याच्या मुखड्यापर्यंत थरथरली आणि मग तिचे काय झाले हे मला आठवत नाही. घरी येऊन चित्रण इयरफोनने ऐकले आणि ए मायनरवाल्या गाण्याचे ठोके मोजले. 99 भरले. डॉक्टरांना कळवले, तर त्यांनी 97 असा दावा केला आणि माझ्या बोटाने ठोके देण्याच्या पद्धतीवर शंका घेतली. काका म्हणतात बरोबर 96. येत्या रविवारी तिघांनी एकत्र बसून मोजायचे ठरले आहे.